आप्पांच्या छातीतलं मशीन

आमचे आप्पा चक्कर येऊन पडले ते गोठ्यात, आणि पडले तेही थेट तांबडीच्या पोटाखाली. तांबडी म्हणजे आमची गाय. अंगानं दांडगी, स्वभावानं खट, आप्पा सोडून कुणाचं ऐकेल तर शपथ. आई दूध काढायला बसली की बादली लाथाडणार, धाकटा भाऊ शेण भरायला वाकला की शेपटीनं त्याचं थोबाड रंगवणार. पण त्या दिवशी आप्पा खाली आडवे झाले आणि या बयेनं एक खूर हलवला नाही. आई बोंबलत आली, भाऊ आला, शेजारी आले, सगळ्यांनी मिळून आप्पांना ओढून बाहेर काढलं, तोवर ती चार पाय रोवून तशीच उभी. पुढं शेळगावातली माणसं आप्पांची तब्येत विचारायला आमच्या वस्तीवर यायची, ती आधी गोठ्यात जाऊन तांबडीला बघायची आणि मग घरात शिरायची.

बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं की ठोके मधेच थांबतायत, पेसमेकर बसवावा लागेल. मी बारामतीतच राहते आणि कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे घरच्यांना वाटलं हिला सगळं माहीत असणार. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. खाटेशेजारी उभं राहून मी आप्पांना समजावलं, की आपलं हृदय मुळातच विजेवर चालतं, आत इवलासा करंट तयार होतो आणि त्यावर ठोका पडतो. तो करंट कधी कधी चुकतोय, तेव्हा हे मशीन एक हलकीशी टिचकी देणार.

आप्पांनी सगळा जन्म एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टरकी केलेली. ते डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे डायवर पेंगला की ह्यो डबल बेल मारणार."

"अगदी तसंच," मी म्हटलं.

"मग बसवा की. कंडक्टर पायजेच गाडीला."

बसवलं. डाव्या खांद्याखाली कातडीच्या आत काड्यापेटीएवढं मशीन, वरून हात फिरवला तर टेंगूळ लागतं. आप्पा ठणठणीत होऊन घरी आले आणि खरा त्रास तिथून सुरू झाला. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं की मोबाईल डाव्या खिशात ठेवू नका, मोठ्या मोटारीला चिकटून उभं राहू नका आणि काही दिवस डावा हात वर उचलू नका. आमच्या आईनं त्यात आपल्या पदरचं इतकं घातलं की काय सांगावं! आप्पा स्वयंपाकघराच्या दारात दिसले की मिक्सर बंद. बोअरचा स्टार्टर दाबायचा नाही. सकाळी चहा झाल्याशिवाय खाटेवरून उठायचं नाही. टीव्हीच्या रिमोटला हात लावायचा नाही, कारण त्यातनं लाटा निघतात. मिक्सरचं आप्पांना काही नव्हतं, पण रिमोट गेला तो त्यांना फार लागला.

"अगं, लाटा टीवीकडं जात्यात, माझ्याकडं न्हाय," ते कळवळून म्हणाले.

"तुमाला काय दिसत्यात का त्या?" आईनं विचारलं, आणि दुपारभर तिच्या मालिका लावल्या.

शेजारचे तात्या तर कहरच. वस्तीवर मोबाईलला रेंज नाही, ही जुनी रड. तात्या हातात फोन घेऊन यायचे आणि म्हणायचे, "आप्पा, वाईच हितं हुबा ऱ्हावा की, कारखान्यात फोन लावायचाय." आप्पाही इमानदारीत उभे राहायचे. एकदा खरंच फोन लागला. झालं! त्या दिवसापासून आप्पांच्या छातीतल्या मशीनला टॉवर म्हणायची पद्धत पडली आणि मी कितीही घसा फोडला तरी ती मोडली नाही.

तेवढ्यात उन्हाळा तापला. पत्र्याच्या खोलीत आप्पांची तगमग व्हायला लागली, म्हणून धाकट्या भावानं कूलर आणला. पण वस्तीवर खांबावरून येणाऱ्या दोन तारांपैकी न्यूट्रलची तार कायमची ढिली. कूलर लावला की तो म्हाताऱ्या माणसागत दम टाकत फिरायचा. भाऊ म्हणाला, "त्यात काय, अर्थिंगवर चालवू." आमच्याकडं हे सर्रास चालतं. वीज आणणारी एक तार खांबाची घ्यायची आणि ती परत नेणारी दुसरी तार खांबाला जोडायच्या ऐवजी जमिनीत लोखंडी सळई ठोकून तिला जोडून द्यायची. करू नये हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि करतात सगळे. त्याला ओलसर जमीन लागते, तर भावानं जागा निवडली ती गोठ्याच्या भिंतीला लागून, गोठा धुतल्याचं पाणी आणि गोमूत्र जिथं मुरतं तिथं. कूलर असा काही सुटला की आप्पांच्या अंगावरची चादर उडाली. भावाला शाबासकी मिळाली, आईनं शिरा केला, मीही दोनदा मागून खाल्ला.

आणि मग तांबडीनं आप्पांशी दावा मांडला.

गोठ्यात जायची आप्पांची एक रीत आहे. पायताण दाराबाहेर काढायचं. कुणी विचारलं तर म्हणतात, "ती अनवाणी हुबी ऱ्हाती, मग मी काय नवाब हाय का?" आईच्या टाचांना भेगा, त्यामुळं ती रबरी चप्पल घालूनच शेणात वावरते. भावाचे गमबूट. अनवाणी फक्त आप्पा. दूध काढायला हाताची बंदी होती, पण दुपारची झोप झाली की तांबडीला पाणी दाखवायला मात्र ते जायचेच. तिची वैरण कुणी घालो, दुपारचं पाणी आप्पांचं. दावं सोडायचं, सिमेंटच्या हौदापाशी न्यायचं आणि "सरका पुढं, सरका पुढं, मागं जागा मोकळी हाय" म्हणत पाठीवर थाप मारायची. वासरू असल्यापासून तिला हे पाठ.

तर ती हौदाजवळ आली, पाण्याला नाक लावलं आणि फुर्रकन मागं उडाली. आप्पांनी पुन्हा पुढं घेतली. पुन्हा तेच. डोळे वटारून ती आप्पांकडं बघत होती आणि तापल्या तव्यावर उभी असल्यासारखी पाय बदलत होती. सकाळी आईच्या हातून प्यायली, संध्याकाळी आईच्याच हातून गटागटा प्यायली. दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा गेले, पुन्हा नाचली. असं रोजच व्हायला लागलं. दूध घटलं. जनावरांचे डॉक्टर आले, तोंड बघितलं, कास बघितली, कॅल्शियमची बाटली देऊन गेले. गाय नाटकी आहे एवढंच त्यांचं निदान.

आप्पांनी काय केलं, हौदात स्वतःचा हात घालून बघितला. आणि त्यांच्या हाताला मुंग्या आल्या.

भावानं हात घातला, काही नाही. आईनं घातला, काही नाही. आप्पांनी घातला, मुंग्या. मग सांगा, कोर्टात उभं केलं असतं तरी दुसरा काय निकाल लागला असता? आप्पा हात धोतराला पुसत म्हणाले, "माज्यातनंच करंट जातूया पाण्यात. तिला लागतोय."

भावानं गावात जाऊन मला फोन केला. रविवारी स्कूटी मारत मी शेळगावला पोचले, ती भांडायच्या तयारीनंच. सँडल खाडखाड वाजवत गोठ्यात गेले, हौदात हात घातला, थंडगार पाणी, बाकी काही नाही. बाहेर येऊन मी आप्पांना पुन्हा सगळं सांगितलं. करंट कुठं नाही? माझ्यात आहे, आईत आहे, तांबडीच्या स्वतःच्या काळजात आहे. मशीनची टिचकी इतकी बारकी की ती आतल्या आत विरते, पार मुंगीलासुद्धा कळायची नाही. बोलता बोलता मला चेव चढला. वर्गात चढतो तसाच. म्हणून मी उदाहरण दिलं, की आपल्या उजनीतला मागूर मासा आहे ना, त्याला गढूळ पाण्यात दिसत नाही, पण त्याच्या कातडीला जिवंत प्राण्याच्या अंगातली इवलीशी वीजसुद्धा समजते आणि त्यावरून तो बरोबर भक्ष्य गाठतो. केवढी नवलाची गोष्ट!

आप्पांनी गोठ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "माशाला कळतं?"

"कळतं ना!"

"पाण्यातनं?"

"पाण्यातूनच तर!"

"मग गायीला का कळू न्हाय? तिचंबी नाक पाण्यातच असतंय की."

कॉलेजात इतक्या वर्षांत इतका नेमका प्रश्न मला एकाही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता. गाय मासा नाही, असं मी म्हणाले. पण ते म्हणण्यात काही जोर नव्हता, आणि आईनं माझ्याकडं असं बघितलं की ही शिकून आली आणि बापाच्या जखमेवर मीठ चोळून चालली.

पुढच्या तपासणीला मीच आप्पांना बारामतीला घेऊन गेले. डॉक्टरांनी छातीवर एक यंत्र ठेवून मशीन तपासलं, उत्तम आहे म्हणाले. आप्पांनी सदऱ्याच्या गुंड्या लावल्या आणि हळूच विचारलं, "सायेब, हे दुपारपुरतं बंद ठेवता येतंय का?"

"दुपारपुरतं?"

"तेवढं गायीला पाणी दावून झालं की लगीच चालू करायचं."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं. त्यांनी शांतपणे सांगितलं की याचा गायीवर काही परिणाम होत नाही. आप्पांनी विचारलं, "तुमी गाय पाळलीया का?" डॉक्टर म्हणाले, नाही. "मग?" आप्पा म्हणाले. मग मात्र त्यांचा आवाज बदलला. "काढूनच टाका सायेब. चालत हुतं तवर चालत हुतं. जनावरबी जवळ येईना, तर जगून काय करू?"

डॉक्टरांनी त्यांचा हात धरून समजावलं की काढलं तर पुन्हा चक्कर येईल आणि या वेळी उठाल की नाही सांगता येत नाही. वाटेत काटेवाडीला चहाला थांबलो, तर आप्पांनी चहा बशीत ओतला आणि प्यायलेच नाहीत. म्हणाले, "त्या दिशी मी तिच्या पायात पडलो, तवा ती हलली न्हाय. आता मी नुसता हुबा ऱ्हायलो तर पळतीया." माझा संताप झाला. कुणावर करावा ते कळेना, म्हणून मी चहावाल्याशी चहा पांचट असल्यावरून भांडले.

आईनं घरी एका वाक्यात निकाल लावला. मशीन राहणार, तांबडी जाणार. नाहीतर हा माणूस एक दिवस ब्लेड घेऊन बसेल, असं तिचं म्हणणं. भावानं दलालाला सांगितलं, पुढच्या रविवारी तो पिकअप घेऊन येणार ठरलं. आप्पा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

रविवारी मी पोचले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. दलाल पिकअप उलटी लावून अंगणात उभा. आप्पा कूलरच्या खोलीत दार लावून बसलेले, आई दाराबाहेर पदर तोंडाला लावून. भाऊ दावं सोडायला गेलेला आणि तांबडीनं त्याला भिंतीला दाबून धरलेलं. "आक्का, बघ की हिला!" तो ओरडला. मी धावले. धावले ती थेट नालीत. सँडल शेणात रुतून बसली ती बसलीच, पाय तेवढा बाहेर आला. दुसरी सँडल मी रागानं भिरकावली, आणि पहिली उपसताना मनगटापर्यंत बरबटलेला हात धुवायला हौदात घातला.

"आई गं!"

कोपरापर्यंत झिणझिण्या. मी मागं उडाले ती अगदी तांबडीसारखीच. आणि मी, पदव्युत्तर शिक्षण घेतलेली, वर्गात पोरांना दरडावणारी, पहिलं काय केलं असेल? मान वळवून आप्पा कुठं उभे आहेत ते बघितलं!

आप्पा कुठंच नव्हते. ते भिंतीपलीकडं, बंद दाराआड, कूलरसमोर. कूलर घरघरत होता. मी माझ्या अनवाणी पायांकडं बघितलं, मग तांबडीच्या चार अनवाणी खुरांकडं, आणि माझ्या ओरडण्यानं तिच्या तावडीतून सुटलेल्या भावाच्या गमबुटांकडं.

"ती कूलरची सळई कुठं ठोकलीस तू?"

"ही काय, भिंतीमागं. पण आक्का, हात लावू नगं हां, चालू हाय."

"चालू आहे ना? मग बूट काढ तुझे."

"का?"

"काढ म्हणते ना!"

त्यानं बूट काढले. मी त्याचं मनगट धरून हात हौदात बुडवला. त्यानं जी उडी मारली, ती तांबडीपेक्षा उंच होती, आणि जी शिवी हासडली ती मी इथं लिहीत नाही. मी आईला ओरडून कूलरचं दाराबाहेरचं बटण बंद करायला सांगितलं. घरघर थांबली. पुन्हा हात घातला, नुसतं पाणी. कूलर लावायला सांगितला, मुंग्या. बंद, पाणी. दुपारची झोप म्हणजे कूलर, आणि झोपेनंतर लगेच तांबडीचं पाणी. आई खोली गार राहावी म्हणून कूलर चालूच ठेवायची. सळईतला करंट ओल्या जमिनीत पसरायचा, पायात रबर असलेल्यांना कळायचाच नाही, भोग भोगले ते अनवाणी असणाऱ्या दोघांनी. भावाला मी तिथंच असा झापला की दलालही चार पावलं मागं सरला. जीव गेला असता कुणाचा! भाऊ मान खाली घालून म्हणाला, "समदेच करत्यात की गं." पण त्यानं सळईची तार तोडली आणि वायरमनला फोन लावायला गलका ऐकून आलेल्या तात्यांचा मोबाईल मागितला.

आईनं खोलीचं दार ढकललं. "अवो, उठा. तुमच्यात काय बी न्हाय. कूलरचा करंट हुता."

आप्पा आले. त्यांचा विश्वास बसला नव्हता हे चेहऱ्यावर दिसत होतं. पायताण दाराबाहेर काढलं, हौदापाशी आले आणि हात पाण्यात घातला. वाट बघत राहिले. त्यांनी बोटं हलवली, मनगटापर्यंत हात बुडवला, मग कोपरापर्यंत. माझ्याकडं बघितलं. डोळे भरले होते, आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"आणा तिला," ते म्हणाले.

भावानं दावं आप्पांच्या हातात दिलं. तांबडी दोन पावलं आली आणि थांबली. हौदाकडं बघते, आप्पांकडं बघते, पुढं येईना. इतक्या दिवसांची भीती, ती काय तार तोडली म्हणून तुटते? आप्पांनी ओढलं नाही. पाण्यात हात तसाच ठेवून ते उभे राहिले आणि बारीक आवाजात म्हणाले, "सरका पुढं. सरका पुढं, मागं जागा मोकळी हाय."

ती आली. नाक लावलं. थांबली. मग आप्पांच्या हाताशेजारी तोंड बुडवून अशी प्यायली की हौदाची पातळी उतरताना दिसली. आई रडत होती, मीही रडत होते. दलालानं घसा खाकरून विचारलं, "मग गायीचं कसं करायचं?"

आप्पांनी मान न वळवता सांगितलं, "गाडी फुल्ल हाय पाव्हणं. जावा तुमी."

पाणी पिऊन झालं. तांबडीनं ओलं तोंड वर केलं, आप्पांच्या सदऱ्याला पुसलं आणि खरखरीत जीभ काढून डाव्या खांद्याखाली, नेमकं त्या टेंगळावर, चाटायला सुरुवात केली.

"अवो, मागं व्हा! मशीन चाटतीया ती!" आई किंचाळली.

आप्पा हलले नाहीत. तिच्या मानेवर हात ठेवून, त्या दिवशी ती उभी होती तसे, पाय रोवून उभे राहिले.

"चाटू दे," ते म्हणाले. "बघ की, लागत न्हाय तिला. काय बी लागत न्हाय."